मागच्या बाकावरून

त्या सकाळी सूत्रधार सरांच्या खात्यात काय काय जमा होणार होतं, ते आधी पाहून घेऊ. प्रशिक्षण केंद्रातलं प्रमुख मार्गदर्शकाचं पद. पदाबरोबर एक खोली, खोलीला दार आणि दाराला आतून लागणारी कडी. आतल्या कडीचं मोल काय असतं, ते उभा जन्म शाळेत काढलेल्या माणसाला विचारावं! मधल्या सुट्टीत गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभं राहणं बंद. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बंद. 'सर, याने माझी पट्टी मोडली' हे वाक्य उरलेल्या आयुष्यातून कायमचं बाद. शिवाय आसपासच्या सगळ्या शाळांतले नवे शिक्षक समोर वह्या उघडून बसणार, आणि सर नुसते खाकरले तरी ते लिहून घेणार. खर्चाच्या बाजूला फक्त एक तास होता. तोही दुसऱ्याने शिकवायचा.

शिकवायचा होता नव्या बाईंनी. त्यांचं उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. नियम असा की नव्या शिक्षकाला एक मुरलेला शिक्षक मार्गदर्शक म्हणून द्यायचा. त्याने वर्षभर मागच्या बाकावर बसून तास पाहायचे, चुका दाखवायच्या, सुधारून घ्यायच्या. आणि वर्षाच्या शेवटी केंद्राचे साहेब येऊन एक तास स्वतः बघणार. तास रंगला तर बाई नोकरीत कायम. यंदा केंद्रातली खुर्ची रिकामी होती, त्यामुळे बाईंना ज्याने घडवलं त्याचंही सोनं. तास पडला तर बाई आणखी एक वर्ष टांगणीला, आणि सर परत शिट्टीकडे.

सूत्रधार हे नाव शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे पडलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. त्यांनी ते कौतुक म्हणून जमा करून घेतलं होतं.

सुरुवातीला सर तास संपल्यावर बोलत. बोलणं तासाहून लांब चाले. बाई मान डोलवत, चहा निवून जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गात काय सुधारायचं होतं तेच विसरत, कारण सुधारायच्या गोष्टी वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त झाल्या होत्या. मग एके दिवशी अंघोळ करताना सरांना साक्षात्कार झाला. नंतर बोलायचंच कशाला? तास चालू असतानाच मागून खूण करावी.

चार खुणा ठरल्या. सरांनी कानाला हात लावला की बाईंनी आवाज चढवायचा. चष्मा काढला की सावकाश बोलायचं. हाताची घडी घातली की गाडी रुळावरून घसरली समजून फळा पुसायचा आणि मुद्दा पहिल्यापासून घ्यायचा. आणि सर उभे राहिले की शिकवणं थांबवून मुलांचे गट करायचे, बाक जोडायचे, प्रयोगाला लावायचं.

बाई मुळात कष्टाळू. त्यांनी खुणा अशा घोटल्या की सरांनी नुसता चष्म्याकडे हात नेला तरी इकडे वाक्याचा वेग निम्म्यावर येई. सरांना वर्षभर वाटत राहिलं की आपण शिकवतो आहोत, आणि तेही घसा न सुकवता. घरी त्यांनी हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. बायको औषधांच्या दुकानात औषधं द्यायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट तिला आधी उजेडात धरून बघायची सवय.

"अहो, म्हणजे औषध तिने घ्यायचं आणि बरं तुम्हाला वाटायचं," ती म्हणाली.

सरांनी विषय बदलला.

एक चूक मात्र त्यांच्या हातून आधीच होऊन बसली होती, आणि तशी चूक मार्गदर्शकच करू जाणे. बाईंनी एकदा साधेपणाने विचारलं होतं की सर, ही पद्धत कुठली? आता अंघोळीत सुचली म्हणून सांगणं सरांच्या मानाला झेपणारं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं की निरीक्षकांची ही प्रस्थापित भाषा आहे, मागच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला येते, आणि केंद्रात तर हिच्याशिवाय पान हलत नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

साहेब येणार त्या सकाळी बाईंनी दारातच शेवटची शंका काढली. "सर, साहेबांनी खूण केली तर?"

सरांचं लक्ष त्या वेळी साहेबांच्या गाडीकडे होतं. "तर ती आधी पाळायची. ते माझ्या वरचे," ते म्हणाले आणि फाटकाकडे धावले.

साहेब देहाने ऐसपैस आणि बोलायला काटकसरी निघाले. वर्गात शिरताना त्यांनी एवढंच विचारलं की बसायचं कुठे. सरांनी त्यांना मागच्या बाकावर, आपल्या शेजारी नेलं. बाक अकरा-बारा वर्षांच्या दोन मुलांसाठी केलेला. साहेब बसले तेव्हा त्यातलं दीड मूल संपलं. उरलेल्या अर्ध्यावर, भिंत आणि साहेब यांच्या मधे, सरांनी स्वतःला सरकवलं. तिथून त्यांना साहेबांचा कान अगदी जवळून दिसला, आणि कानामागे बसवलेलं ऐकायचं छोटं यंत्रही.

धडा होता तरंगणं आणि बुडणं. टेबलावर पाण्याने भरलेला टब, शेजारी खिळे, बटणं, बुचं, चमच्यांचे तुकडे आणि चकचकीत वर्खाचे कागद. लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं? बाईंनी प्रश्न टाकला, मुलांत खसखस पिकली, चार हात वर गेले. बाईंनी रंगीत खडूंनी फळ्यावर सुरेख जहाज काढलं. जहाजाला खिडक्यासुद्धा काढल्या. सरांना वाटलं, आलीच खोली, लागलीच कडी.

तेवढ्यात साहेब थोडे ऐसपैस झाले. सरांचे दोन्ही हात चेपले जाऊ लागले. ठेवणार कुठे? एकीकडे भिंत, दुसरीकडे साहेबांचं पोट. बस खचाखच भरली की माणूस हात जिथे ठेवतो तिथेच सरांनी ठेवले. छातीवर.

बाईंनी मागे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला. मग त्यांनी डस्टर उचललं आणि खिडक्यांसकट जहाज पुसून टाकलं.

"आपण पहिल्यापासून बघू," त्या म्हणाल्या.

सरांना घाम फुटला. घडी सोडायची तर कोपर साहेबांच्या पोटात जाणार. बाईंनी नव्याने जहाज काढलं, या वेळी घाईघाईत, खिडक्या कमी. मागे पाहिलं. घडी होती तिथेच. जहाज पुन्हा पुसलं गेलं. आता पुढच्या बाकावरच्या एका मुलीने मान वळवून थेट सरांकडे पाहिलं. या मुलीला वर्गात वकीलबाई म्हणत, कारण ती 'हजर' म्हणण्यापूर्वीही शंका विचारायची. वर्षभरात खुणांची भाषा मुलांनाही पाठ झाली होती, हे सरांना त्या नजरेत पहिल्यांदा दिसलं. त्या नजरेत कीव होती.

साहेबांनी दबल्या आवाजात विचारलं, की फळा सारखा का पुसला जातोय? सरांनी तितक्याच दबल्या आवाजात सांगितलं, की स्वच्छ फळ्यावर आमचा विशेष भर असतो. आणि बोलता बोलता त्यांनी श्वास आत ओढून एकेक हात सोडवला व सरळ मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसकण मारली. आता हात बिनधोक होते. फळ्यावर तिसरं जहाज उभं राहिलं. त्याला खिडकी एकही नव्हती, पण ते जगलं.

पण डस्टर फळ्यावर इतकं घासलं गेलं होतं की त्या खरखरीने साहेबांनी मान झटकली आणि कानामागचं यंत्र सैल झालं. ते बारीक शीळ घालू लागलं. साहेबांनी ते नीट बसवायला कानाकडे हात नेला.

बाईंनी ते पाहिलं. केंद्राचा माणूस, प्रस्थापित भाषा, वरची खूण. बाईंनी आवाज चढवला.

आवाज चढला तशी यंत्राची शीळ वाढली. शीळ वाढली तसा साहेबांनी कान आणखी घट्ट धरला. बाईंनी आवाज आणखी चढवला. आता त्या शेजारच्या वर्गालाही तरंगणं शिकवत होत्या. साहेबांनी दुसरा हातही दुसऱ्या कानावर ठेवला. बाईंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

सरांनी मनातल्या मनात चारही खुणा भराभर चाळल्या. आवाज कमी करायची खूणच नव्हती! कोणाला तरी कधीतरी कमी बोलायला सांगावं लागेल, ही कल्पनाच त्यांना अंघोळीत सुचली नव्हती. त्यांनी डोळे वटारले, भुवया खाली पाडल्या, ओठ मुडपले. बाईंच्या शब्दकोशात यातलं काहीच नव्हतं. कपाळावरचा घाम ओघळून सरांच्या डोळ्यांत उतरला, काही दिसेना, आणि त्यांनी एक हात मांडीखालून ओढून चष्मा काढला.

"खि... ळा... बु... ड... तो," बाई गरजल्या. "का... र... ण..."

बाई एकेक अक्षर सुटं करून, घसा ताणून, थेट साहेबांकडे पाहत बोलत होत्या. साहेबांकडे, कारण पुढची खूण तिकडून येणार होती. साहेबांनी कानांवरचे हात सावकाश खाली घेतले. त्यांचा चेहरा मानेकडून वरपर्यंत लाल होत गेला.

"माझ्या कानाबद्दल यांना कोणी सांगितलं?" त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, की कोणी नाही साहेब, बाई जरा उत्साही आहेत.

"उत्साही," साहेब म्हणाले. "हे यंत्र लावायला लागलो तेव्हापासून बघतोय मी. लोक दोनच प्रकारचे. एक सरळ बोलणारे, आणि एक असे बोलणारे." मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

सरांना कागद दिसत नव्हता, पण पेनाचा जोर दिसत होता. आणि याच ठिकाणी त्यांनी मनात एक झटपट आकडेमोड केली, तीही नोंदवून ठेवायला हवी. थट्टा बाईंनी केली असं ठरलं तर बुडणार बाई. आपण म्हणू, की वर्षभर समजावलं, पण स्वभावाला औषध नाही. म्हणजे आपली खोली कदाचित वाचते. हा विचार आला. गेलासुद्धा, पण दारात जरा रेंगाळून गेला.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आपल्याला जे बघायचं होतं ते बघून झालं, असं म्हणत ते उठून उभे राहिले.

आता सर ओरडणारच होते, पण ओरडून काय होणार? साहेब उभे राहिले होते. पूर्ण उंचीने उभे राहिले होते. बाईंनी टाळी वाजवली आणि वर्षभर सराव झालेल्या मुलांनी बाक उचलले. या एका बाबतीत सरांचं प्रशिक्षण निर्विवाद होतं. साहेबांनी पहिलं पाऊल टाकण्याआधी त्यांच्यासमोर दोन बाक जोडले गेले, बाजूने तिसरा आला, पाच मुलं गुडघे टेकून बसली, आणि कोणी तरी टेबलावरचा टब उचलून थेट साहेबांच्या पोटाशी आणून ठेवला. खिळे, बटणं, बुचं सगळं त्यात ओतलं गेलं. साहेब कोपऱ्यात बंदिस्त झाले.

त्यांनी बाकावरून पाय टाकून बाहेर पडायचा प्रयत्न केला. वाकले, आधाराला हात पुढे केला, मान कलली, आणि आधीच सैल झालेलं ते यंत्र कानावरून सुटलं. अगदी लहानसा आवाज झाला. गटातली सगळी डोकी टबावर झुकली.

"बुडालं," वकीलबाईने निष्कर्ष जाहीर केला.

सरांनी बाही वर करायलाही वेळ घेतला नाही. कोपरापर्यंत दोन्ही हात टबात घातले. हाताला खिळा लागला, बटण लागलं, चमच्याचा तुकडा बोटाला कापून गेला. यंत्र बटणांत बटण होऊन बसलं होतं. सर चाचपडत राहिले. साहेब वर उभे होते, आणि त्यांच्यासाठी आता सगळा वर्ग आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा झाला होता.

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा. सरांकडे पाहिलं. सर पाण्यात. साहेबांकडे पाहिलं. साहेब दोन्ही हात लोंबकळत सोडून, कुठलीही खूण न करता उभे. वर्षभरात पहिल्यांदाच बाईंना काय करायचं ते कोणीच सांगत नव्हतं. त्या खडू हातात धरून तशाच थांबल्या. त्या थांबण्यात सरांचा जीव टांगलेला होता. आणि हे मान्य करायला हवं, की त्या क्षणी त्यांना खोली आठवत नव्हती.

"बाई, पण यंत्र तर प्लास्टिकचं होतं," वकीलबाई म्हणाली. "प्लास्टिकचं बूच तरंगतंय. मग ते का बुडालं?"

"तुला काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

एवढंच. साध्या आवाजात, साध्या वेगाने. वकीलबाईला वाटत होतं की आत काहीतरी जड असणार. दुसऱ्या एकाला वाटत होतं की ते भरीव आहे, बूच पोकळ आहे. तिसऱ्याने म्हटलं, भरून बघू या की. बुचात खिळे भरले गेले, बूच बुडालं, आणि वर्गात असा कालवा झाला की पाहणाऱ्याला वाटावं भांडण लागलंय. बाई गटागटांतून फिरल्या. त्यांनी कोणालाही उत्तर सांगितलं नाही. ज्याने बरोबर सांगितलं त्यालाही 'कशावरून?' विचारून पुन्हा पाण्याकडे पाठवलं. वर्खाच्या कागदाची गोळी बुडते आणि त्याच कागदाची होडी तरंगते, हे मुलांनी स्वतः शोधलं. जहाज फळ्यावर होतं तसंच राहिलं, त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

वकीलबाईने एक वर्खाचा कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसून होडी केली. ती बुडाली. मुलीने त्यांचा हात धरून कडा कशा वर घ्यायच्या ते दाखवलं. दुसरी होडी तरंगली. साहेबांनी तिच्यात एक बटण ठेवलं, मग दुसरं, आणि तिसरं ठेवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

तास संपता संपता सरांना यंत्र सापडलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत ते कोरड्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं गेलं. त्यातून काही ऐकू येत नव्हतं. साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी मान वर करून सांगितलं, की तासाचा शेवटचा भाग त्यांना बेहद्द आवडला. पण कामगिरी कितीही चांगली असली तरी ज्या शिक्षिकेने भर वर्गात एका माणसाच्या बहिरेपणाची थट्टा केली, तिच्या हाती मुलं कायमची सोपवायला त्यांचा हात धजत नव्हता. त्यांना फक्त एक जाणून घ्यायचं होतं. असं का केलंत?

बाईंना बोलता आलं असतं. वहीत रेघ ओढलेलं वाक्य होतं, ते दाखवलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. पुरं वर्षभर जो माणूस शिकवत होता, त्याला उघडं पाडणं त्यांच्याने होईना.

म्हणजे गप्प राहायला सरांना काहीच किंमत पडत नव्हती. दारात रेंगाळलेला तो मघाचा विचार पुन्हा डोकावून गेला. सरांनी ओल्या बाह्यांकडे पाहिलं.

"साहेब, चूक माझी," ते पुटपुटले.

"काय?" साहेब म्हणाले.

"चूक माझी आहे."

"मोठ्याने बोला. आणि सावकाश. मला ओठ वाचावे लागतात."

मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. पलीकडे शिक्षकांची खोली, अलीकडे मैदान, दारात सह्यांसाठी थांबलेले पालक. सरांनी घसा साफ केला.

"खु... णा... मी... च... शोधल्या... होत्या," सर ओरडले. "अं... घो... ळी... त."

मैदानावरचा चेंडू थांबला.

"केंद्रात... त्या... कोणाला... ही... माहीत... नाहीत. मी... बाईंना... खोटं... सांगितलं. तुम्ही... कानाला... हात... लावला... म्हणून... त्यांनी... आवाज... चढवला. तु... म... ची... खूण... समजून."

साहेबांना पहिल्या फेरीत अर्धंच कळलं. सरांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, आधीपेक्षा मोठ्याने. शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप हवेतच थांबले असावेत. दारातल्या एका पालकाने शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि घरी मुलाकडून खुणा ऐकलेल्या शेजारच्याने हाताची घडी घालून दाखवली.

मग साहेबांनी आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला. तो अहवाल पुढे सगळ्यांच्या हातून फिरला. बाईंबद्दल त्यात चांगलं बरंच होतं. सरांबद्दल एकच ओळ होती: 'मार्गदर्शकांचे दोन्ही हात पाण्यात असताना वर्ग उत्तम चालला.'

केंद्रातली खुर्ची दुसऱ्या शाळेतल्या कोणाला तरी मिळाली. पण केंद्राने सरांनाही बोलावलं. अनुभवी शिक्षकांसाठी उजळणीचा वर्ग होता, दर आठवड्याला, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांनी पुढे बसायचं होतं. घरी ही बातमी सांगताना सरांनी ती शक्य तितकी लहान करून सांगितली. बायको गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"केंद्रात जायचं म्हणत होतात ना? निघालात की मग," ती म्हणाली.

तर एकूण हिशेब असा. बाई कायम झाल्या. यंत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहून सुकलं आणि पहिल्यापेक्षा बरं चालतं, असं साहेब स्वतः सांगतात. शिवाय त्यांना होडी करता येऊ लागली. वकीलबाईला एका प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि तिने त्यातून आणखी तीन काढले. किंमत सगळी सरांनी चुकती केली, आणि ती इतक्या मोठ्याने केली की पावती मागायची कोणाला गरजच पडली नाही.